परातीतलं रक्त

"उतरलं! उतरलं!"

फलाटावरची माणसं एकदम ओरडली आणि पत्र्यावर बसलेली कबुतरं उडाली. परातीतलं पाणी लाल झालं होतं. गुलाबी नव्हे, तांबूस नव्हे, चांगलं लालभडक. पुढच्या रांगेतल्या दोन बायांनी डोळ्यांना पदर लावला, एकीने जमिनीला डोकं टेकलं आणि मागच्या पोरांनी मोबाइल उंच धरले. परातीत पाय घालून बसलेली दहा वर्षांची मुलगी मात्र खाली वाकून त्या पाण्याकडे नुसती बघत होती. ती अपेक्षा. मी विज्ञान शिकवते त्या शाळेत पाचवीत होती.

शकुंतला ही आमच्याकडची छोटी आगगाडी बंद पडल्यापासून आमच्या बोरझिरीच्या स्टेशनात बकऱ्यांखेरीज कोणी मुक्काम केला नव्हता. यंदा उन्हाळ्याच्या तोंडी तिथे निर्मळनाथ महाराज येऊन बसले. कुठून आले, आधी काय करत होते, हे कोणी विचारलं नाही. बियाणं घेताना पुडी चारदा उलटसुलट करून बघणारं, दुकानदाराशी हुज्जत घालणारं हे माळ्या-कुणब्यांचं गाव. पण भगव्यातला माणूस पारखायचा नसतो, अशी आपल्याकडे रीत आहे.

दर गुरुवारी महाराजांचा दरबार भरे. मधोमध पितळेची मोठी परात, तिच्यात तळ दिसेल असं नितळ पाणी. हे म्हणे पूर्णामाईचं पाणी. एप्रिलमधली पूर्णा ज्याने पाहिली आहे त्याला एवढ्या नितळपणाचं हसू यायला हवं होतं. डोमाजी नावाचा महाराजांचा माणूस दुखणेकऱ्याला पाटावर बसवी, नवरीला लावतात तशी तळपायांना हळद लावी, आणि मग ते पाय परातीत. हळदीत शंका घ्यायचं कारणच नव्हतं. कोणत्या शुभकार्यात आपण हळद लावत नाही?

"मायबापहो," महाराज आवाज चढवून म्हणत, "रक्त म्हंजे काय? रक्षन करते ते रक्त! आन् दवाखान्यात देतेत ते काय? ब्लड! बल ढळवते ते ब्लड! कोन्या दारुड्याचं, कोन्या खुन्याचं, थैलीत भरून लेकराच्या अंगात घुसवते. एका अंगात दोन रक्तं भांडून राह्यली! मी काई करत नाई. जे परकं हाय ते पूर्णामाई पायातून वढून घेते."

ही व्युत्पत्ती ऐकताना आमच्या शाळेतले मराठीचे सर मान डोलवत होते, हेही नोंदवून ठेवते.

अपेक्षाला थॅलेसेमिया होता. तिचं शरीर रक्त तयार करी, पण धड करत नसे. तांबड्या पेशी बनत आणि लवकर मोडत. आई आणि बाप या दोघांकडूनही तो दोष मुलात आला की हा आजार होतो. त्यात कोणाचा शाप नाही की कोणाचं पाप नाही. ती तान्ही असल्यापासून दर तीन आठवड्यांनी अकोल्याच्या दवाखान्यात तिला रक्त चढवत. रक्त चढलं की पोरगी येताना एसटीत गाणी म्हणे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात माझं डोकं खाई.

"मॅडम, मले ज्यानं रक्त देल्लं तो गात असन का? थैली लागली का मले गावंच वाटते."

"नाही गं. अंगात दम आला की कोणालाही गावंसं वाटतं."

"तुमाले तं दम हाय. मंग तुमी काहून नाई गात?"

अशी ती होती. ऐकलेली गोष्ट ती तशीच गिळत नसे.

मग हे सगळं कुठून उपटलं? एका साध्या, बरोबर आणि भल्या वाक्यातून. उन्हाळ्यात रक्तपेढीत रक्ताचा तुटवडा होता. तिचा बाप गोपाल वांगी-मेथी पिकवणारा, कष्टाळू, लेकीवर जीव टाकणारा माणूस. बाही वर करून तो पुढे झाला. "माहं घ्या. माह्या लेकीले माहंच द्या." तिथल्या माणसाने तपासून सांगितलं, "तुमचा गट बी, मुलीचा ओ. तुमचं रक्त हिला चालणार नाही. पण तुम्ही जरूर द्या, दुसऱ्या कोणाला होईल." गोपाल रक्त न देताच उठला. दुसऱ्या कोणाला द्यायला तो गेलाच नव्हता.

गावी येऊन तो टेम्पोत माल भरताना कोणाजवळ तरी हे बोलला. झालं. संध्याकाळपर्यंत पारावर एकच विषय. बापाचं रक्त लेकीला चालत नाही. रक्ताचं नातं म्हणतात, मग रक्त जुळत कसं नाही? मग लेक कोणाची? गंमत बघा, मंजुषाचंही, म्हणजे आईचंही रक्त मुलीशी जुळत नव्हतं. तिचा गट ए. पण त्यावरून मुलगी आईची नाही असं कोणी म्हणेना, कारण त्या बाईला गावाने भरल्या दिवसांत शेतात निंदणी करताना पाहिलं होतं. संशय तेवढा एकाच बाजूने जात होता.

गोपाल तोंडाने काही बोलला नाही. फक्त बायकोशी बोलणं बंद केलं. भाकरी मागायची तर आईला सांगे, आई सुनेला सांगे.

महाराजांच्या कानावर हे गेलंच असणार. अशा माणसांना गावाची दुखरी नस कोणीतरी दाखवून देतं. पहिल्याच गुरुवारी त्यांनी सगळ्यांसमोर निवाडा दिला. "लेक बापाचीच हाय! सोळा आने बापाची! दवाखान्यानं परकं भरून भरून हिचं रक्त बदलवलं. हे सारं उतरू द्या. मंग पाहा, बापाचं रक्त लेकीले चालते का नाई! पन तवरोक नवी थैली लावाची नाई."

मंजुषा तिथल्या तिथे रडली. मी मागे उभी होते. ते रडणं भक्तीचं नव्हतं. भर गावात कोणीतरी तिला निर्दोष म्हटलं होतं.

महाराज पैसा घेत नाहीत, याचं गावाला फार कौतुक. पैसा न घेणं हेच त्यांचं भांडवल होतं.

अकोल्याची तारीख टळली तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. गोपालसमोर आणि त्याच्या आईसमोर, तानुबाईंसमोर, नीट सांगितलं. गट हा आईबापाकडून येतो, पण दोघांच्याही आत एकेक ओ लपलेला असू शकतो. ते दोन लपलेले एकत्र आले की मूल ओ गटाचं होतं. "गोपालभाऊ, तुमच्या काळ्या गाईला पांढरं वासरू झालं, तेव्हा तुम्ही गाईवर संशय घेतला का?"

गोपाल उठून बाहेर गेला. तानुबाई म्हणाल्या, "मॅडम, गाय अन् बाई सारखी असते का?"

मंजुषा मला फाटकापर्यंत सोडायला आली. ओढणी चाळवत हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचं खरं असन. पन तुमचं खरं ह्या घरात कोनी मानत नाई. महाराजाचं सारं गाव मानते. त्यानं माह्यं नाव राखलं. तुमी आता नका येऊ."

"आणि पोरीचं काय?"

"उतरून राह्यलं ना. मागच्या गुरुवारी पानी कमी लाल झालं. तुमी पाह्यलं ना?"

पाहिलं होतं. खरंच कमी लाल झालं होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी कमी. महाराजांचा हिशेब पक्का होता, पण तो त्या वेळी मला उलगडला नव्हता. मी दवाखान्यातल्या डॉक्टर सीमाताईंना फोन केला. त्यांनी गोपालला फोन केले. तो उचलेना.

आणि मग गावाला दुसरा चमत्कार दिसला. पोरगी उजळली.

"मायबाई! पोट्टी कशी गोरी झाली पाय! आधी कशी सावळी होती." शेजारणी गालावर हात फिरवून बोटं मोडत. "परकं रक्त काळं असन. ते गेलं अन् रंग आला."

मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. ज्या मुलीच्या अंगातलं रक्त संपत चाललं होतं, तिच्या पांढरेपणाला आम्ही रंग आला म्हणत होतो. आपल्याला मुलगी गोरी हवी असते ना, म्हणून मरणाचा रंगसुद्धा आवडला. मला त्या बायांचा राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

अपेक्षा शाळेत यायची बंद झाली. नका येऊ म्हटलं होतं तरी एका शनिवारी दुपारी मी गेलेच. ती ओसरीवर तानुबाईंच्या मांडीला टेकून पडली होती. मी खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली म्हणून नव्हती. सोललेल्या उसाच्या पेरासारखी पांढरी. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि मला पाहून ही पोर हसली.

"मॅडम, एक गंमत दाखवू? आजीले कोनाले सांगू नोको म्हनलं, तरी ते सांगतेच. आजी, दाखव ना पाय."

महाराज दर गुरुवारी परातीतलं उरलेलं नव्हे, आधीचं कोरं पाणी बाटलीत भरून देत. घरी रोज पायांवर शिंपडायचं. तानुबाईंच्या टाचांना भेगा. त्या भेगांत त्या हळद आणि तेल भरून ठेवत, जसं आपल्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्या करतात. पोरीच्या हातून काल बाटली कलंडली आणि पाणी आजीच्या टाचेवर सांडलं.

"लाल झालं, मॅडम! लालच लाल! म्हंजे आजीच्या अंगातूनबी रक्त उतरलं. पन आजीले तं कवाच रक्त नाई चढवलं." तिला धाप लागली. ती थांबली, श्वास घेतला. "मंग आजीच्या अंगात कोनाचं रक्त हाय?"

तानुबाई डोळे विस्फारून म्हणाल्या, "मी तं रातभर घाबरून हाव, मॅडम. मले कोनाचं लागलं असन? मी तं कोनाच्या घरचं पानीबी पेत नाई."

मी मंजुषाला हळद मागितली. माझ्या तळहातावर घेतली, वर बाटलीतलं पाणी ओतलं. हात लाल झाला. मग कोनाड्यातली तानुबाईंची तंबाखूची डबी उघडली, त्यातला नखभर चुना साध्या पाण्यात कालवला, दुसऱ्या हातावर हळद, वर ते पाणी. दुसरा हातही तसाच लाल.

"चुना?" मंजुषा म्हणाली.

"चुना. कळीचा चुना पाण्यात घालून रात्रभर ठेवला की खाली गाळ बसतो आणि वर निवळी येते. दिसायला पाण्यासारखी. तुम्ही मुक्या मारावर हळद-चुना लावता तेव्हा लेप लाल होतो ना? तेच हे. पाणी नितळ दिसलं, म्हणून तुम्हाला चुना आठवला नाही."

मंजुषा खाली बसली. गेल्या महिन्यात तिनेच गोपालच्या मुरगळलेल्या पायाला हळद-चुना लावला होता. तिला सगळं माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. स्वयंपाकघरात जे कळतं ते फलाटावर हात जोडले की कळेनासं होतं.

गोपाल शेतातून आला तेव्हा त्याला पुन्हा करून दाखवलं. तो माझ्या हातांकडे बघत राहिला, मग लेकीकडे. टेम्पोत मेथी भरली होती, ती त्याने रस्त्यावर उतरवली, गादी टाकली आणि पोरीला उचललं. "चाल गं माय, अकोल्याले जाऊ."

जाताना मी सोबत होते. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मूर्तिजापूर सोडलं तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, आता थैली लागल्यावर मी गाईन का?"

"गाशील."

ती गायली नाही. रक्त होतं, तिच्या गटाचं होतं, लगेच मिळालं. डॉक्टर सीमाताईंनी ते थेंबाथेंबाने सुरू केलं, कारण थकलेल्या हृदयाला एकदम ओझं पेलत नाही. अर्धी थैलीही संपली नव्हती. रविवारी सकाळी ती गेली.

गोपाल भिंतीला टेकून उभा होता. त्याने एवढंच विचारलं, "रक्त तं लावलं होतं, मंग?"

सीमाताई त्याच्याजवळ गेल्या. "गोपालभाऊ, विहिरीत पाणी नसताना मोटर चालू ठेवली तर काय होतं?"

"जळते."

"तिचं हृदय दोन महिने कोरडं चाललं. आम्ही पाणी सोडलं तेव्हा मोटर जळून गेली होती."

मोटर जळणं म्हणजे काय ते त्याला कळत होतं. तो तिथेच खाली बसला आणि मोठ्याने रडला.

गावात मात्र वेगळीच मोटर सुरू झाली होती. आम्ही मुलीला घेऊन परतलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. महाराजांनी सांगितलं म्हणे, "मी बजावलं होतं, थैली लावू नोका. लावली. परकं रक्त पुन्हा घुसलं अन् लेकरू घेऊन गेलं. आता तरी डोळे उघडा." आणि गावाने डोळे उघडले. ते महाराजांच्या बाजूला उघडले. रक्त चढत असताना मूल गेलं, हे तर सगळ्यांनी ऐकलेलं खरं होतं. दोन महिने ते चढलं नव्हतं, हे कोणी मोजायला तयार नव्हतं. आईनेच हट्टाने दवाखान्यात नेलं, असंही झालं. ज्या बाईचं नाव महाराजांनी राखलं होतं, तिचं नाव त्यांनीच धुळीला मिळवलं.

तेरवी झाली. पुढच्या गुरुवारी फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. लेकरू मेलं आणि दरबार दुपटीने भरला. पाटावर देवमन नावाचा माणूस आपल्या पाच वर्षांच्या नितेशला मांडीवर घेऊन बसला होता. धामणगावकडून आला होता. हाच आजार. नितेशला अमरावतीला रक्त चढत होतं. महाराजांची कीर्ती ऐकून देवमनने या महिन्याची तारीख चुकवली होती.

"लावू नको आता थैली," महाराज त्याला सांगत होते. "मागचं लेकरू कसं गेलं ते पुस ह्या गावाले."

गर्दीतून मंजुषा पुढे गेली. मी तिच्या मागे होते, गोपाल तिच्या बाजूला. हे आम्ही तिघांनी ठरवलं होतं, पण काय बोलायचं ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. ती महाराजांपुढे हात जोडून उभी राहिली.

"महाराज, माह्यं चुकलं. लेकराआधी माहे पाय धुवा. माह्यातलं उतरवा."

महाराजांचा चेहरा खुलला. पश्चात्ताप करणारी आई, भरला दरबार, आणखी काय पाहिजे? डोमाजीने नितेशला बाजूला केलं, तिच्या तळपायांना हळद लावली. पाय परातीत गेले आणि पाणी लाल झालं.

"उतरलं!" लोक ओरडले.

"महाराज," मंजुषा म्हणाली, "मले जिंदगीत रक्ताची थैली लागली नाई. बाळंतपनातबी नाई. मंग हे कोनाचं उतरलं?"

पण हे लोक अशा वेळी अडत नाहीत. "माय, लेक नऊ महिने तुह्या पोटात होती. तिची बाधा तुले लागली."

"थैली लागाच्या आधीच?"

"कर्म आधीच असते, माय!"

लोकांच्या माना पुन्हा डोलू लागल्या. मला वाटलं, गेलं हातातून. पण मंजुषा उठली, डोमाजीच्या वाटीतली मूठभर हळद तिने घेतली आणि महाराजांच्या पायांशी बसली. "मंग तुमीच माहे गुरू. मले तुमची पाद्यपूजा करू द्या." आणि तिने त्यांच्या दोन्ही पायांना हळद चोळली, बोटांच्या बेचक्यांसकट.

महाराजांनी पाय मागे ओढले.

"पाय काहून वढता, महाराज? पूजा घ्याले कोनी पाय वढते का?"

"राहू दे माय, राहू दे, मले चालत नाई..."

गोपालने परात उचलली. तिच्यातलं लाल झालेलं पाणी त्याने बाजूला ओतून दिलं, मागच्या पिंपातलं कोरं पाणी तिच्यात घेतलं आणि महाराजांच्या पायांवर सोडलं. खुर्चीखालून फलाटाच्या फरशीवर लाल ओघळ निघाला. तो पुढच्या रांगेतल्या बायांच्या पायांपर्यंत गेला तशा त्या मागे सरकल्या.

मंजुषाचा आवाज आता सगळ्यांना ऐकू जात होता. "माह्या लेकीनं पुसलं होतं, आजीच्या अंगात कोनाचं रक्त हाय? मी तुमाले पुसतो, महाराज. तुमच्या अंगात कोनाचं हाय? माह्या अपेक्षाचं तं नाई?"

मग मी पुढे झाले. मोठी भाषणं मला येत नाहीत. मी म्हातारबांना म्हटलं, "तुमच्या चंच्या काढा. चुन्याच्या डब्या उघडा. तळहातावर पाण्याचा थेंब, त्यात चुना, वर ही हळद. चोळा."

पुढच्या रांगेतले उत्तमराव गावातले वयस्कर माणूस, महाराजांना फलाट झाडून देणारे. त्यांनी चोळलं. मग शेजारच्याने. मग मागच्यांनी. हळदीची वाटी हातोहात फिरली. बघता बघता रांगाच्या रांगा आपले लाल तळहात घेऊन उभ्या होत्या आणि कोणाला ते कुठे लपवावेत ते कळत नव्हतं. उत्तमराव धोतराला हात पुसत राहिले.

डोमाजीने पोलिसांना नंतर सगळं सांगितलं. रात्री पिंपात चुना, सकाळी निवळी. पहिल्या गुरुवारी शुद्ध हळद. पुढच्या गुरुवारी तिच्यात बेसन, निवळीत साधं पाणी. त्याच्या पुढच्याला आणखी बेसन. म्हणजे लाली दर वेळी कमी आणि लोक म्हणणार, उतरत आलं. "मी तं फक्त हळद लावत होतो," असं त्याने शेवटी म्हटलं. महाराज त्या गडबडीत मोटरसायकलवर बसून पसार झाले होते. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार होती म्हणून शोध झाला. ते दुसऱ्या तालुक्यात सापडले, दुसऱ्या परातीपुढे.

देवमन त्या दिवशी फलाटावरूनच लेकराला खांद्यावर घेऊन निघाला. त्याला बसपर्यंत पोचवायला गोपाल गेला, अमरावतीपर्यंत सोबतही गेला. नितेशला त्या संध्याकाळी रक्त चढलं. आणि रक्तपेढीत गोपालने बाही वर केली. बी गटाचं त्याचं रक्त कोणाला गेलं ते त्याला माहीत नाही. त्याने विचारलंही नाही. तो आणि मंजुषा आता एकमेकांशी बोलतात. फार नाही, पण भाकरी तो तिच्याकडेच मागतो.

गाव सुधारलं असं मी लिहिणार नाही. पारावर अजूनही दोघं-चौघं म्हणतात, चुना असेल, पण महाराजांच्या हाताला गुण होता. म्हणून हे लिहिते आहे, आणि ज्यांच्या घरी असं आजारी लेकरू आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. रक्तात जात नसते, गोत्र नसतं, कोणाचं पुण्य किंवा कोणाची बदनामी नसते. गट जुळला नाही म्हणून लेक परकी होत नाही आणि जुळला म्हणून परका माणूस नातलग होत नाही. अनोळखी माणूस बाही वर करतो आणि आपलं मूल तीन आठवडे शाळेत जातं, एवढाच त्याचा अर्थ. कोणी औषध बंद करा म्हटलं, रक्त बंद करा म्हटलं, तर आधी प्रश्न विचारा. दहा वर्षांच्या पोरीला धापा टाकत जो सुचला, तो आपल्याला धडधाकट असताना सुचायला हरकत नाही.

आणि विश्वास नसेल तर माझ्यावरही ठेवू नका. घरात चिमूटभर हळद असेल, शेजारी कोणाकडे चुना असेल. करून बघा. पाणी लाल होईल. त्यात कोणाचंही रक्त नसेल. शेवटी शेवटी अपेक्षाच्या अंगातही ते उरलं नव्हतं.